विषय : माहेरी मुक्काम वाढवून मिळणेबाबत

माहेरी आलेल्या मुलीला ‘परत कधी जाणार?’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. विचारतात त्या शेजारच्या काकू, आणि तेही आई आत चहा टाकायला गेल्यावर. माझी पंचाईत अशी, की माझं माहेर न्यू जर्सीत, एडिसनला आहे. दादा शिकायला म्हणून तिकडे गेला, पुढे तिथला नागरिक झाला, त्याने आईबाबांची ग्रीन कार्डं केली आणि कोथरूडच्या घराला कुलूप लागलं. मी लग्न करून पुण्यातच राहिले. बाकीच्या बायका दिवाळीला रिक्षाने माहेरी जातात, मला बी-२ व्हिसा काढावा लागतो. आणि काकूंचा तो प्रश्न नेवार्कच्या विमानतळावर एक गणवेशातले गृहस्थ पहिल्याच वाक्यात विचारतात.

मी ‘दोन महिने’ म्हटलं. तिसरा महिना सरत आला होता. पोट दिसत नव्हतं, मळमळ दिसत असावी. गृहस्थांनी सहा महिने राहायची मुभा दिली. अमेरिकेचं हे औदार्य पुष्कळांना कळत नाही, आणि त्याची हद्द तर त्याहून कळत नाही. पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसावर दहा वर्षांपुढची तारीख असते, त्यामुळे सासूबाईंच्या भजनी मंडळात मी दहा वर्षांसाठी गेले अशी बातमी होती. व्हिसा म्हणजे लग्नाची पत्रिका. ती कार्यालयाच्या दारापर्यंत नेते. कुठल्या पंगतीला बसायचं आणि कधी उठायचं हे दारातला माणूस ठरवतो. त्याने ठरवलेली तारीख ज्यात असते त्या नोंदीला आय-९४ म्हणतात. २०१३पासून विमानाने येणाऱ्यांना तिचा कागदही मिळत नाही, वेबसाइटवर जाऊन आपली आपणच बघायची.

बाबांनी ती छापून घेतली. बाबा पाटबंधारे खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले आहेत. अमेरिकेत त्यांना आंब्याची, गणपतीची, पुण्याच्या थंडीची, कशाचीच आठवण येत नव्हती. फाइलींची येत होती. माझ्या आय-९४ला त्यांनी पंच करून दोरी ओवली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी दादाच्या घराच्या वास्तुशांतीलाही पाहिलं नव्हतं.

दोन महिने झाले, बॅगा भरल्या, चॉकलेटांचं वजन करून झालं, आणि निघायच्या आठवड्यात थोडं रक्त गेलं. सोनोग्राफीत कळलं की वार खाली आहे. घाबरायचं कारण नाही, गर्भाशय वाढेल तशी ती बहुतेक वेळा वर सरकते, पण आत्ता पंधरा तास विमानात बसायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आईने लगेच मला पलंगावर झोपवून पायांखाली उशी दिली. तिच्या मनातलं तिने बोलून दाखवलं नाही, पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, हा तिचा हट्ट परमेश्वराने ऐकला होता. वारसुद्धा आईच्याच बाजूची निघाली.

दादाने कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. मी आले बाराव्या आठवड्यात. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. म्हणजे सरकारच्या लेखी माझा मुक्काम अडतिसाव्या आठवड्यात संपत होता. बाळाची तारीख चाळिसाव्याची. वार कधी सरकेल ते वारेला ठाऊक. विमान कंपन्या साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून डॉक्टरची चिठ्ठी मागायला लागतात आणि छत्तिसाव्यानंतर बहुतेक कुणीच दारात उभं करत नाही. थोडक्यात, अडतिसाव्या आठवड्यात मला देशात राहायचा हक्क नव्हता आणि देशाबाहेर जायला वाहन नव्हतं. उरत होता अटलांटिक महासागर.

‘मुदतवाढ,’ बाबा म्हणाले. पाटबंधारे खात्यात हा शब्द उच्चारल्याशिवाय एकही धरण पुरं होत नाही.

मुदतवाढीचा अर्ज म्हणजे आय-५३९. आय-९४ची तारीख उलटायच्या आत तो जायला हवा. निदान ४५ दिवस आधी द्या, असं तिथलं इमिग्रेशन खातं सुचवतं. उशीर झाला तर परिणाम वाईट. मुदत संपल्यावर एक दिवस जरी फुकट राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द, १८० दिवसांच्या वर राहिलं तर तीन वर्षं बंदी, वर्ष उलटलं तर दहा वर्षं. अर्ज ऑनलाइन भरला तर फी ४२० डॉलर होती, कागदावर भरला तर ४७०. दादाने ऑनलाइनचा धोशा लावला. बाबा म्हणाले, ‘पन्नास डॉलर मी भरतो, पण पोच हातात हवी.’ शेवटी दादाने ऑनलाइन भरायचं आणि बाबांनी सोबतचं पत्र लिहायचं, अशी युती झाली.

बाबांच्या पत्राचा पहिला मसुदा मी जपून ठेवला आहे. इंग्रजीत होता, पण आत्मा सिंचन भवनातला. ‘विनंतिपूर्वक सादर करण्यात येते की’ या अर्थाचं काहीतरी पहिल्या ओळीत होतं, आणि मग ‘सदर अर्जदार ही निम्नस्वाक्षरीकाराची कन्या असून’ अशी वंशावळ सुरू होत होती. मी गरोदर आहे ही बातमी दुसऱ्या पानाच्या मध्यावर, ‘प्रस्तुत प्रकरणी उद्भवलेली परिस्थिती’ या नावाने येत होती. दादाला तीन ओळी हव्या होत्या : आली, गरोदर आहे, डॉक्टर जाऊ देत नाहीत. बाबांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या देशाला तीन ओळीत अर्ज करणं हा त्या देशाचा अपमान आहे. नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर लवादाला बसवलं, तर त्याने दोघांचंही बरोबर आहे असं सांगितलं. जावई असल्याने तेवढंच बोलता येतं.

खरी गंमत अर्जातल्या प्रश्नांची. एका हातात लिंबाचं सरबत, मांडीवर उलटीसाठी टब, आणि दादा लॅपटॉपवरून वाचतोय : तुम्ही कधी वंशसंहारात भाग घेतला आहे का? नाही. कुणाचा छळ केला आहे? इथे वहिनीने माझ्याकडे एक नजर टाकली, पण नाही. कुणाला ठार मारलं आहे? नाही. कधी लष्करी, निमलष्करी किंवा शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलं आहे?

‘घेतलंय की,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘कॉलेजात एनसीसीत होती. रायफल चालवायची.’

शांतता पसरली. दादाने हळूच लॅपटॉप थोडा खाली केला. मी ‘नाही’ लिहू म्हटलं, तर बाबा म्हणाले की सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं वीस वर्षांनी लेखापरीक्षणात निघतं. ‘हो’ लिहायचं, तर एक पाच महिन्यांची गरोदर, आमसूल चघळणारी बाई निमलष्करी दलातली ठरत होती. अखेर ‘हो’ लिहून खुलासा जोडला : कॉलेजात एनसीसी, पॉइंट टू टू रायफल, नेमबाजीचा सराव. झाडलेल्यांपैकी एकही गोळी निशाण्याच्या कागदाला लागली नव्हती, हेही बाबांना जोडायचं होतं. अमेरिकेची काळजी मिटावी, हाच त्यामागचा हेतू.

त्यानंतरचा भाग मात्र विनोदी नव्हता, निदान भरताना. आपण इथे कायमचे राहणार नाही, मायदेशी परत जायला आपल्याकडे सबळ कारणं आहेत, याचे पुरावे द्यायचे असतात. ज्या बाईला उठून बाथरूमपर्यंत जायला मनाई आहे, तिने आपल्याला पुण्याला जायची केवढी ओढ आहे हे कागदोपत्री सिद्ध करायचं. घराचे कागद झाले, नोकरीतल्या बिनपगारी रजेचं पत्र झालं, नवरा पुण्यात आहे म्हणून लग्नाचा दाखला झाला. दादा म्हणाला, ‘सासूसासरेही लिही, कुटुंबाचा पुरावा होईल.’ आईने विचारलं, ‘सासू हा परत जायचा पुरावा धरतात की न जायचा?’ हे वाक्य चालू व्हिडिओ कॉलमध्ये गेलं. पुण्याहून सासूबाई म्हणाल्या, ‘विहीणबाई, लिहा तुम्ही, ओढ आहे म्हणून.’ त्यांच्यामागे सासरे हसताना ऐकू आले.

एवढे पुरावे का, तर त्यामागे एक संशय आहे. २०२०च्या जानेवारीत अमेरिकेने नियम केला, की इथे बाळंत होऊन मुलाला नागरिकत्व मिळवणं हाच प्रवासाचा मुख्य हेतू असेल, तर पर्यटक व्हिसा द्यायचा नाही. तिथल्या राज्यघटनेच्या १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीमुळे तिथे जन्मलेलं मूल तिथलं नागरिक ठरतं. १८९८ साली वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मुलाने त्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि तो जिंकला. २०२५च्या जानेवारीत नव्या राष्ट्राध्यक्षांनी, आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर मुलाला हा हक्क नाही, असा आदेश काढला आणि तो लगेच न्यायालयात अडकला. तेव्हा माझी मुलगी दात यायच्या खटपटीत होती, तिने लक्ष दिलं नाही.

पण मला आश्चर्य वाटलं ते अमेरिकेचं नाही. त्या संशयात आणि आमच्या पुण्यातल्या इमारतीतल्या संशयात रतीभर फरक नव्हता. मी अडकले हे कळल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सासूबाईंना गाठून अभिनंदन केलं : ‘छान जमवलंत हो!’ एका चुलत नणंदेने मला मेसेज करून डॉक्टरीणबाईंचं नाव मागितलं, ‘वार खाली आहे’ असं लिहून देणाऱ्या. नवऱ्याच्या ऑफिसात तर त्याला ‘एनआरआयचे वडील’ म्हणायला लागले. खात्याचा अधिकारी निदान पुरावे बघून मत बदलण्याची शक्यता असते. काकू पुरावे बघत नाहीत.

हे बाळंतपण फुकटात जमवतात अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी पर्यटक विम्याच्या कागदातली बारीक अक्षरं वाचावीत. त्यात पाय घसरला तर पैसे मिळतात, दात दुखला तरी थोडे मिळतात. गरोदरपण बहुधा सरळ वगळलेलं असतं. १९८६च्या कायद्याने अमेरिकेतल्या इस्पितळांना कळा सुरू झालेल्या बाईला आपत्कालीन विभागातून पैशांअभावी परत पाठवता येत नाही, हे खरं. पण तो कायदा बिलाबद्दल काही बोलत नाही. दादाने बिलिंगच्या खिडकीशी रोख भरणाऱ्यांच्या सवलतीची घासाघीस केली, हप्ते बांधून घेतले. बाबांनी तिथेही ‘सर्व करांसह का?’ असं विचारलंच. मी त्या रकमेचा आकडा अजून सासूबाईंना सांगितलेला नाही. काकूंना मात्र सांगायचा विचार आहे.

अर्जात एक रकाना असतो : कोणत्या तारखेपर्यंत मुक्काम वाढवून हवा? ही तारीख माझ्या हातात नव्हती, बाळाच्या होती, आणि बाळ अजून कुठल्याही खात्याला बांधील नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली, पण सोबत सांगितलं की शंभरातली चार-पाचच मुलं नेमक्या तारखेला येतात, बाकीची मागेपुढे. बाबांना हा कारभार पसंत पडला नाही. मग ही तारीख काढतात तरी कशी, याच्या ते मागे लागले. एकोणिसाव्या शतकात हायडेलबर्गच्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरने घालून दिलेला नियम आहे : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस. आईने हे ऐकलं आणि विजयी मुद्रेने विचारलं, ‘आणि आमची आजी काय म्हणायची? नऊ महिने नऊ दिवस!’ हायडेलबर्ग आणि माझ्या पणजीचं सांगली यांच्यात दोन दिवसांचाच फरक निघाला. वर बाळंतपणानंतरच्या विश्रांतीचे सहा आठवडे धरायचे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईचा सव्वा महिना चाळीस दिवसांचा, त्यांचे बेचाळीस. तिथेही दोनच. आईला वाटलं, बाईंची आजी आपल्याकडचीच असणार.

अर्ज गेला, पोच आली. यापुढे काय, तर काही नाही. वेळेत अर्ज केला असेल, तर निर्णय लागेपर्यंत मुदत उलटली तरी राहता येतं, फक्त मन रमवायला काहीतरी लागतं. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून, पोचेवरचा क्रमांक वेबसाइटवर घालत. ‘प्रकरण प्रलंबित आहे’ एवढं वाचून त्यांना बरं वाटायचं. त्यांच्या मते प्रलंबित प्रकरण हे जिवंत प्रकरण.

बत्तिसाव्या आठवड्यात वार वर सरकली. आता मी सोडते, अशा थाटात. पण एवढ्या उशिरा विमानाची चिठ्ठी द्यायला डॉक्टरीणबाई तयार नव्हत्या आणि आई तर त्यांच्यापेक्षा कमी तयार होती. तिने ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांतून हिरवी साडी, खण, नारळ, पाच फळं आणून डोहाळजेवणाचा घाट घातला. धनुष्यबाण वहिनीने पुठ्ठ्याचा केला, थर्माकोलचा चंद्र दादाने, आणि समोरच्या तेलुगू बाईंनी फुलांच्या दागिन्यांचा सेट आणला. फक्त वाटीखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवायचा खेळ फसला. आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगणं गुन्हा आहे. तिकडे सोनोग्राफीची मुलगी ‘सांगू का?’ म्हणत सांगूनच टाकते. आई कानांवर हात ठेवून बाहेर गेली होती, पण दादाच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनी ती बातमी साऱ्या गल्लीला पुरवली. डोहाळजेवणाला जमलेल्या सगळ्या बायकांना माहीत होतं की बर्फी आहे, आणि मी वाटी उचलली तर खाली पेढा. टाळ्या वाजेनात. आईने शांतपणे दुसरी वाटी पुढे सरकवली. बर्फीवर प्रचंड टाळ्या.

नवरा मात्र डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख ब्रह्मवाक्य मानून पुण्याहून सुट्टी काढून आला. मुलगी त्या दिवशी आली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तो रोज सकाळी माझ्याकडे वक्तशीरपणाच्या अपेक्षेने बघायचा. ती आली तेव्हा त्याच्या रजेचा बराच भाग ओक ट्री रोडवर समोसे खाण्यात संपला होता.

सहाव्या रात्री आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं, सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते म्हणून. दादा म्हणाला, तिला न्यू जर्सीचा पत्ता सापडेल का? बाबा म्हणाले, सापडणारच, ती एकमेव अधिकारी आहे जी घरी येते, त्याच रात्री निर्णय देते आणि फी घेत नाही. अपील नाही, हे खरं. पण प्रलंबितही ठेवत नाही.

आमचा निर्णय मी पुण्याला परत आल्यावर दादाच्या पेटीत पडला. अर्ज मंजूर. ज्या तारखेपर्यंत राहायची परवानगी मिळाली ती कधीच उलटून गेली होती. एडिसनमधल्या जाणत्या मंडळींना यात काही विशेष वाटलं नाही. पाहुणा गेल्यावर परवानगी येते, असा तिथला अनुभव आहे. बाबांनी मात्र त्या मंजुरीला पंच करून दोरी ओवली आणि प्रकरण बंद केलं, तेव्हा त्यांना थोडं उदास वाटलं असं वहिनीने कळवलं.

दोनच दिवसांत त्यांना नवं काम मिळालं. कारण मुलगी अमेरिकन. आम्ही निघण्यापूर्वी तिच्या पासपोर्टसाठी आईबाप दोघांनी समक्ष हजर राहायचं, म्हणून नवऱ्याने रजा वाढवली होती. मुदतवाढीत आमचं घराणं एव्हाना तरबेज झालं होतं. तिला भारतात आणायचं तर भारताचा व्हिसाही हवा होता. अर्जात शिक्षण विचारतात. त्याला ‘अज्ञान बालक असल्याने लागू नाही’ या अर्थाचा पर्याय सुदैवाने आहे. अंगावर ओळखीची खूण विचारतात. आईने लावलेली काजळाची तीट धरतील का, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. मुंबईच्या विमानतळावर आम्ही दोघं भारतीयांच्या रांगेत, आणि आमच्या कडेवरच्या बाईसाहेब परदेशी पाहुण्या.

आता कायमचा इलाज म्हणून तिचं ओसीआय कार्ड काढायचं आहे. बाबा एडिसनहून व्हिडिओवर मार्गदर्शन करतात, सासरे इथे अंमलबजावणी. सही करता येत नसेल त्याने चौकटीत अंगठा उठवायचा. चौकट आडवी, उंचीच्या तिप्पट रुंद. मुलीची मूठ उघडत नाही; उघडली की अंगठा थेट तोंडात जातो. सासूबाईंनी खुळखुळा वाजवला, मी शाईचं पॅड धरलं, नवऱ्याने कोपर धरलं, सासऱ्यांनी मनगट. ‘दाबा!’ बाबा तिकडून ओरडले. शाई दुपट्यावर गेली, सासूबाईंच्या साडीवर गेली, मुलीच्या नाकावर गेली. कागदावर चौकटीच्या बरोबर मध्ये, एकही रेघ न फाटलेला, सुबक ठसा उठला होता. तो सासऱ्यांचा होता.